घरीं राहिलेल्यांसाठीं छायाचित्रें

दिवाळीची किंवा नाताळची सुटी संपली कीं अलीकडे घरोघर एक कार्यक्रम ठरल्यासारखा होतो. प्रवासाहून परतलेली मंडळी हातपाय धुऊन बसतात न बसतात तोंच मोबाइल बाहेर निघतो आणि घरीं राहिलेल्या वडील माणसांपुढें धरला जातो. मग बोटाच्या एकेका फटकाऱ्यासरशीं चित्रें सरकूं लागतात: हें देऊळ, हा धबधबा, हे आम्ही, हे पुन्हां आम्हीच. शंभर-सव्वाशें चित्रें होतात तोंवर आजीबाई कौतुकानें मान डोलावितात. पुढें चष्मा काढून “फार छान हो” असें म्हणतात आणि दिवा लावावयास उठतात. चार दिवसांच्या प्रवासांतून हजार-बाराशें छायाचित्रें येतात, पण ज्यांना तीं दाखवावयाचीं त्यांच्या पदरांत त्यांतलें काय पडतें, हा विचार क्वचितच कोणी करतो.

आमच्या शेजारच्या काकूंना गुडघ्यांमुळें एक जिनाहि चढवत नाहीं. त्यांचा नातू वेरूळ-अजिंठा पाहून आला त्या दिवशीं मी त्यांच्याकडे बसलों होतों. सर्व चित्रें पाहून झाल्यावर काकूंनीं तीन प्रश्न विचारले. “अरे, तो कैलास डोंगरावर आहे कीं डोंगराच्या पोटांत?” “त्या दगडी हत्तीपाशीं तूं उभा राहिलास तर तुझें डोकें त्याच्या कोठवर येईल?” आणि “अजिंठ्याची ती नदी कोणत्या अंगानें वाहते?” मुलगा हुशार आहे. त्यानें सगळीं चित्रें पुन्हां उलटसुलट चाळलीं. परंतु एकाहि चित्रांतून एकाहि प्रश्नाचें उत्तर निघेना. बहुतेकांत त्याचाच हंसरा चेहरा अर्धी चौकट व्यापून बसलेला, आणि राष्ट्रकूटांचा कैलास त्याच्या कानामागून डोकावणारा! (अजिंठ्यास चढणीसाठीं डोली मिळते, असें मीं काकूंना सुचवून पाहिलें. “चौघांच्या खांद्यावरून एकदांच जायचें” असें म्हणून त्यांनीं तो विषय संपविला.)

काकूंनीं छायाचित्रणाचें एकहि पुस्तक वाचलेलें नाहीं; तरी त्या तीन प्रश्नांत या विद्येचा निम्मा भाग आला, असें माझें मत आहे. वस्तु कोठें आहे, ती केवढी आहे, आणि तिच्या भोंवतीं काय आहे, एवढें कळलें म्हणजे घरीं बसलेल्या माणसाचें मन तेथें जाऊन पोहोंचतें. तें कळलें नाहीं तर चित्र कितीहि लखलखीत असो, तें नुसतें रंगीत कागदासारखें डोळ्यांपुढून जातें. म्हणून प्रवासास निघणाऱ्या तरुण मंडळींना माझें सांगणें असतें कीं, ज्यांना तुमच्याबरोबर येतां आलें नाहीं अशा एका माणसाचें नांव मनांत धरा, आणि तें माणूस आपल्या डोळ्यांनीं पाहत आहे असें समजून चित्र काढा. कोठें उभें राहावें, केव्हां काढावें, काय वगळावें हे पुढील बहुतेक प्रश्न मग आपोआप सुटतात.

पहिला प्रश्न घ्या. वेरूळचीं चौतीस लेणीं उत्तर-दक्षिण पसरलेल्या डोंगराच्या कडेंत खोदलेलीं आहेत, आणि त्यांतलें सोळावें, म्हणजे कैलास, हें वरून खालीं कोरीत आणलेलें देऊळ आहे. आठव्या शतकांत कृष्णराजाच्या वेळच्या कारागिरांनीं आधीं तिन्ही बाजूंनीं खोल चर पाडले आणि मध्यें राहिलेल्या प्रचंड पाषाणाचें मंदिर केलें. ही गोष्ट अंगणांत उभें राहून काढलेल्या कोणत्याहि चित्रांत कळावयाची नाहीं. तेथून तें इतर देवळांसारखें बांधलेलें देऊळच वाटतें. खोदकामाच्या वरच्या कडेकडे जेथवर जाऊं देतात तेथवर चढून गेलें आणि खालीं पाहिलें, म्हणजे मात्र शिखर आपल्या पायांखालीं आणि भोंवतीं उभा तुटलेला कडा असें दृश्य दिसतें. त्या एका चित्रानें काकूंच्या प्रश्नाचें उत्तर झालें असतें. मोठ्या स्थळाचें पहिलें चित्र असें लांबून, शक्य तर उंचावरून घ्यावें. मग जवळ जावें. आणि शेवटीं एखादा हात, एखादा पैंजण, छिन्नीचा एखादा घाव एवढाच टिपावा. दूरचें, मधलें आणि जवळचें अशीं तीन चित्रें एका स्थळास पुरतात. मधल्याच अंतरावरून काढलेलीं तीस चित्रें मिळूनहि हें काम करीत नाहींत.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर माणसानेंच द्यावयाचें असतें. कैलासाच्या अंगणांतील हत्ती किंवा उंच ध्वजस्तंभ केवढा आहे, हें त्याच्या पायथ्याशीं कोणी उभें असल्याशिवाय चित्रांत समजत नाहीं. येथें आपला चेहरा येऊं नये असें मी मुळींच म्हणत नाहीं, उलट यावा. परंतु हात लांब करून सेल्फी घेण्याऐवजीं सोबत्याच्या हातीं मोबाइल द्यावा, आपण हत्तीशेजारीं जाऊन उभें राहावें, आणि त्यानें वीस पावलें मागें सरून चित्र घ्यावें. चेहरा लहान येईल, पण हत्ती हत्तीएवढा दिसेल. आणखी एक गोष्ट मीं अनेक घरच्या संग्रहांत पाहिली आहे. पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि लहान मूल सांभाळणारी गृहिणी कोणत्याच चित्रांत नसते. वीस वर्षांनीं तो संग्रह पाहणारास ती प्रवासाला गेलीच नव्हती असें वाटेल. पिशव्या घटकाभर दुसऱ्या कोणी धरल्या तर कांहीं बिघडत नाहीं.

आतां प्रकाशाविषयीं. आपण या कलेला छायाचित्रण म्हणतों. ग्रीकवरून आलेल्या ‘फोटोग्राफी’ या शब्दाचा अर्थ मात्र प्रकाशानें लिहिणें असा आहे. एका भाषेनें उजेडाचें नांव घेतलें, दुसरीनें सावलीचें. आणि दोघींचें म्हणणें खरें आहे. दगडांतली मूर्ति उठून दिसते ती तिच्यावरील उजेडामुळें जितकी, तितकीच तिच्या भुंवईखालीं, मेखलेच्या पदरांत आणि बोटांच्या फटींत साठलेल्या सावलीमुळें. सूर्य पाहणाराच्या थेट पाठीशीं असला तर सावली मूर्तीमागें लपते आणि मूर्ति थापून बसविल्यासारखी सपाट दिसते. तो बाजूनें, तिरपा आला कीं तीच मूर्ति जणूं भिंतींतून पुढें येते. म्हणून कोरीव काम पाहावयाचें तें कलत्या उन्हांत. माणसांचे चेहरे मात्र झाडाच्या सावलींत किंवा ढगाळ दिवशीं अधिक चांगले येतात. श्रावणांत काढलेले चेहरे म्हणूनच सौम्य दिसतात.

सूर्याचें वेळापत्रक आपल्या पूर्वजांना घड्याळावांचून ठाऊक होतें आणि आपण तें खिशांत होकायंत्र असून विसरलों आहों. आपलीं बहुसंख्य देवळें पूर्वाभिमुख. त्यांचें दर्शनी अंग सकाळीं उजळतें आणि दुपारनंतर काळवंडतें. कोणार्कच्या सूर्यमंदिरास दुपारीं चार वाजतां पोहोंचून समोरील बाजूचें चित्र काळें आलें अशी तक्रार करणें व्यर्थ आहे. वेरूळचें उलट आहे. तेथें डोंगर पूर्वेस आणि लेण्यांचीं तोंडें पश्चिमेस. सकाळीं कैलासाचें अंगण मागच्या कड्याच्या सावलींत असतें आणि ऊन खरें उतरतें तें दुपारनंतर. दहाव्या लेण्यांत, ज्यास विश्वकर्मा म्हणतात, दर्शनी गवाक्षांतून उतरतें ऊन आंत शिरतें आणि बुद्धमूर्तीपर्यंत जातें. तें पाहावयास संध्याकाळच्या सुमारास तेथें असावें लागतें. कार्ल्याचा चैत्यहि पश्चिमाभिमुख आहे. पुष्कळ सहली सकाळीं आठ वाजतां वेरूळास पोहोंचतात, बारापर्यंत सर्व उरकतात आणि ज्या घटकेस प्रकाश येऊं लागतो त्याच घटकेस भोजनाच्या शोधांत निघून जातात. मी शाळेंत असतांना सहलीचें वेळापत्रक आखणाऱ्यांपुढें हें अनेक वर्षें मांडीत आलों. पण बसगाडीच्या वेळेपुढें सूर्याचें कांहीं चालत नाहीं.

ऋतूचाहि यांत मोठा भाग आहे. वेरूळ विसाव्या अक्षांशावर असल्यामुळें मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यांत तेथें माध्यान्हीं सूर्य अगदीं डोक्यावर येतो. मूर्तींच्या डोळ्यांत काळोख आणि खांद्यांवर पांढरा भडका, असें त्या वेळचें रूप असतें. डिसेंबरांत तोच सूर्य माध्यान्हींसुद्धां क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांहून वर चढत नाहीं, त्यामुळें ऊन दिवसभर तिरपें राहतें. थंडींत गेल्यास पायांनाहि सुख आणि चित्रांनाहि.

अजिंठ्याचा प्रकार अगदीं निराळा. तेथें वाघोरा नदीनें घोड्याच्या नालासारखें वळण घेतलें आहे आणि त्या वळणाच्या कड्यांत लेणीं ओळीनें बसलीं आहेत. काकूंची नदी दाखवावयाची तर पलीकडच्या टेकडीवरील पाहण्याच्या जागेवरून दाखवावी. १८१९ सालीं शिकारीस आलेल्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याला लेण्याची कमान तिकडूनच प्रथम दिसली, असें सांगतात. तेथून घेतलेल्या एका चित्रांत नदी, कडा आणि लेण्यांची रांग यांचा संबंध एकदम उलगडतो. आंत गेल्यावर मात्र अंधार. भिंतींवरील चित्रें मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो सुकल्यावर काढलेलीं आहेत. तीव्र प्रकाशानें रंगांची हानि होते म्हणून तेथें फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. ती मनाई कोणी पाहत नसतांनाहि पाळावी. एकाच्या फ्लॅशनें काय होणार, असा विचार रोज हजारों माणसें करूं शकतात, हें लक्षांत ठेवावें.

शिवाय फ्लॅशचा उपयोग वाटतो तितका नसतोच. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणांत कमी होतो. दुप्पट अंतरावर तो चौथाई, तिप्पट अंतरावर नवमांश. मोबाइलच्या इवल्याशा दिव्याची मजल तीन-चार पावलांची. ज्यांनीं रात्रीच्या आरतीच्या वेळीं दूरच्या मखरावर फ्लॅश मारला आहे त्यांच्या चित्रांत पुढच्या माणसाची मान पांढरीफटक आणि मखर काळेंकुट्ट आलेलें असेल. अंधारांत खरी गरज स्थिर हाताची असते. उजेड कमी असला कीं कॅमेरा आपला डोळा अधिक वेळ उघडा ठेवतो, आणि तेवढ्या वेळांत हात हलला तर चित्र विस्कटतें. दोन्ही कोंपरें बरगड्यांशीं टेकवावीं, श्वास हळूच सोडावा आणि मग बटण दाबावें. हल्लींचे मोबाइल अंधारांत एकामागून एक अनेक चित्रें घेऊन त्यांचें एक करतात. तेवढे तीन-चार सेकंद धीर धरला पाहिजे. टेका हवा म्हणून चित्रांच्या भिंतीस मात्र पाठ लावूं नये.

यंत्राविषयीं दोन-चार गोष्टी सांगतों. अधिक सांगण्याचा माझा अधिकार नाहीं आणि तितकी जरूरहि नाहीं. भिंग प्रथम पुसावें. चकलीच्या तेलाचा हात लागलेल्या भिंगांतून सगळें जग धुक्यांत दिसतें, आणि दोष यंत्राला दिला जातो. जुन्या धोतराचा मऊ स्वच्छ तुकडा यास पुरतो. पडद्यावर ज्या ठिकाणीं बोट टेकवाल तेथला उजेड धरून कॅमेरा चित्र बेततो. म्हणून दारांत उभ्या असलेल्या माणसाचें चित्र घेतांना बोट त्याच्या चेहऱ्यावर टेकवावें, मागच्या आकाशावर नव्हे. भिंगाच्या ताकदीपलीकडे बोटांनीं चित्र ताणून मोठें करणें म्हणजे ताकांत पाणी घालणें होय. पांच पावलें पुढें चालावें. उंच शिखर चौकटींत बसविण्यासाठीं कॅमेरा वर कलविला कीं शिखर मागें पडल्यासारखें दिसतें. तेथेंहि उपाय पायांतच, मागें सरावें. समूहचित्रांत अगदीं कडेला कोणास उभें करूं नये. रुंद भिंगांत कडेच्या मावशीबाई दीडपट पसरतात, आणि त्यांत त्यांचा कांहीं अपराध नसतो.

दूर असलेल्यांना अजिंठा दाखविण्याचा हा खटाटोप जुना आहे. १८४४ सालीं मद्रासच्या सैन्यांतील रॉबर्ट गिल यांची तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृति करण्यासाठीं नेमणूक झाली. अनेक वर्षें राबून त्यांनीं मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्या केल्या आणि विलायतेस पाठविल्या. लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें त्या टांगलेल्या असतां डिसेंबर १८६६ मध्यें आग लागून बहुतेक सर्व जळाल्या. पुढें मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हां तेंच काम केलें. त्यांतल्याहि पुष्कळ प्रतिकृति १८८५ सालीं लंडनमध्येंच आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. गिल यांनीं कुंचल्याबरोबर कॅमेराहि हातीं घेतला होता. दोन डोळ्यांच्या अंतरानें घेतलेलीं त्यांचीं जोडचित्रें १८६४ सालीं जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह पुस्तकरूपानें निघालीं. दोन भिंगांच्या यंत्रांतून पाहिलें म्हणजे तीं खोलीसह दिसत. ज्यांनीं हिंदुस्थानचा किनारा कधीं पाहिला नव्हता अशा लोकांना लेण्यांच्या ओवऱ्या आंतपर्यंत दिसूं लागल्या.

त्या काळीं छायाचित्रास रंग नव्हता, म्हणून गिल यांनीं चित्रांसाठीं कुंचला आणि वास्तूसाठीं कॅमेरा अशी वांटणी केली. आपणहि एक वांटणी करावी असें मला वाटतें. पहिल्या लेण्यांतील पद्मपाणीचें चित्र तज्ज्ञांनीं योग्य उजेडांत काढून ग्रंथांत छापलेलें आहे; गर्दींत टांचा उंचावून आपण घेतलेलें त्याचें अंधुक चित्र त्याच्या पासंगासहि पुरणार नाहीं. तो ग्रंथ वाचनालयांतून आणून घरीं दाखवावा. आपण तें टिपावें जें ग्रंथांत नसतें: पायऱ्यांची चढण, दाराशीं काढून ठेवलेल्या वहाणांची रांग, अंधारांतून बाहेर येतांना डोळे मिटून घेणारी धाकटी बहीण.

माणसांचीं चित्रें घेण्याविषयीं मात्र मला जरा कडक बोलावेंसें वाटतें. काशीस मणिकर्णिकेच्या घाटावर नावेंतून येऊन जळत्या चितांवर कॅमेरे रोखणारे प्रवासी असतात. त्या चितेवर कोणाचा तरी बाप असतो, आणि ज्यानें तासापूर्वीं अग्नि दिला तो मुलगा तेथेंच उभा असतो. चंद्रभागेंत स्नान करणाऱ्या बायका, पायांना फोड आलेला वारकरी, देवळाच्या पायरीवरील भिकारी, हे कोणी आपल्या संग्रहासाठीं मांडलेले देखावे नव्हेत. विचारावें. “बाबा, तुमचा फोटो काढूं का?” एवढ्या चार शब्दांना कोणी बहुधा नाहीं म्हणत नाहीं, आणि म्हटलें तर नमस्कार करून पुढें जावें. मुलांच्या बाबतींत त्यांच्या आईबापांस विचारावें. पूर्वीं चित्र पाठवितों म्हणून पत्ता लिहून घेत आणि पुढें विसरत. आतां चित्र तेथेंच दाखवितां येतें आणि त्याच्या मोबाइलवर तेथेंच धाडतांहि येतें, तेव्हां विसरण्यास सबब उरली नाहीं. विचारून काढलेल्या चेहऱ्यांत एक मोकळेपणा येतो तो लपून काढलेल्यांत येत नाहीं, हा त्यांतला वरकड लाभ.

घरीं आल्यावर काय करावें? भवभूतीच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक वाचकांतील कित्येकांना आठवत असेल. तेथें राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच वनवासाचीं चित्रें राजवाड्यांत बसून पाहतात. दाखविणारा लक्ष्मण प्रत्येक चित्राजवळ थांबून स्थळ सांगतो, प्रसंग सांगतो. ऊर्मिलेच्या चित्रापाशीं आल्यावर तेवढा लाजून पुढें सरकतो, आणि सीता त्याला नेमकें तेथेंच छेडते. चित्रें पाहतां पाहतां ती भिते, गहिंवरते आणि शेवटीं पुन्हां त्या अरण्यांत जावें अशी इच्छा करते. चित्रें थोडीं आणि सांगणारा जाणता, असा तो योग आहे. आपल्याकडे चित्रें हजार असतात आणि सांगणारा एका बोटानें तीं सरकवीत दुसऱ्या कोणाशीं बोलत असतो.

हजारांतून वीस निवडावीं. हें काम परतीच्या गाडींतच करावें. घरीं आल्यावर तें होत नाहीं. ज्या क्रमानें आपण चाललों त्याच क्रमानें तीं लावावीं आणि छायाचित्राच्या दुकानांतून कागदावर छापून घ्यावीं, कारण वडील माणसांना कागद हातांत धरून खिडकीशीं नेऊन पाहतां येतो, आणि मोबाइल तर तीन-चार वर्षांत बदलला जातो. मागल्या बाजूस स्थळ, तारीख आणि चित्रांतील प्रत्येकाचें नांव मऊ पेन्सिलीनें लिहावें. शाईचा डाग पुढच्या कागदावर उमटतो. “डावीकडून तिसरा कोण?” हा प्रश्न आपल्याकडील प्रत्येक जुन्या समूहचित्रापुढें उभा राहतो, आणि उत्तर देणारें माणूस तोंवर गेलेलें असतें.

या हिंवाळ्यांत वेरूळ-अजिंठ्यास जाणारांनीं मुक्काम छत्रपति संभाजीनगरास करावा. तेथून वेरूळ सुमारें तीस किलोमीटर आहे. दुपारचें भोजन लवकर आटोपून निघावें आणि ऊन कलेपर्यंत लेण्यांतच राहावें. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे, त्यासाठीं दुसरा सबंध दिवस ठेवावा. वेरूळचीं लेणीं मंगळवारीं आणि अजिंठ्याचीं सोमवारीं बंद असतात.